पंप गप्प झाला की हात वर

आमच्या वर्कशॉपच्या पाटीवर आजोबांचं नाव आहे आणि त्यापुढे 'अँड सन्स' असं ठसठशीत लिहिलंय. आजोबांना मुलगा एकच, तो म्हणजे माझे बाबा. मग दुसरा सन कोण, असं मी लहानपणी विचारलं होतं. तेव्हा आत्यानं हातावरचं ग्रीस चिंधीला पुसत सांगितलं, "मी." सगळे हसले. ती हसली नव्हती, आणि मोठी झाल्यावर माझंही हसू गेलं. पाटीचा रंग उडाला की बाबा रंगाऱ्याला बोलावतात आणि दर वेळी सांगतात, "आहे तसंच गिरव." तो बिचारा गिरवतो.

आम्ही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करतो. दोन सीटांच्या, जमिनीला चिकटून पळणाऱ्या, कापडी टपाच्या. पाऊस आला की आत पाणी आणि ऊन पडलं की आत भट्टी. ज्यांच्याकडे रोजची एक धड गाडी असते तेच लोक हौसेनं ही दुसरी पाळतात. बाबा इंजिन आणि कार्ब्युरेटर बघतात, डेंटिंगवाले दादा पत्रा ठोकतात, मी सीटा आणि टप शिवते. आणि आत्या पंप करते. पंप म्हणजे आपण रांग लावून पेट्रोल भरतो तो नव्हे. या गाड्यांच्या डिकीत, टाकीच्या शेजारी, मोठ्या मुठीएवढा एक डबा असतो. तो विजेवर चालतो आणि टाकीतलं पेट्रोल पुढे इंजिनाकडे ढकलतो. त्याच्या पोटात एक रबरी पडदा, एक कॉईल आणि पॉईंटची एक जोडी. पॉईंट जुळले की पडदा ओढला जातो, सुटले की माघारी येतो, आणि दर वेळी टिक असा आवाज होतो.

चावी फिरवली की पंप भराभर टिकटिकायला लागतो. कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या भरत आल्या की टिकटिक मंदावते, आणि वाट्या भरल्या की तो गप्प होतो. "भूक लागली की बडबडतो आणि पोट भरलं की गप्प बसतो. तुझ्या बापाच्या बरोब्बर उलट," असं आत्या म्हणायची. बाबांना जेवण झाल्यावरच कंठ फुटतो हे खरं आहे.

आत्याचं लग्न झालं होतं. वर्ष-सव्वा वर्षात ती ट्रंक घेऊन परत आली. घरात न जाता थेट वर्कशॉपमध्ये शिरली, ट्रंक टेबलाखाली सरकवली आणि एक पंप उघडून बसली. कारण विचारणाऱ्याला तिचं उत्तर ठरलेलं होतं: "पोलॅरिटी जुळली नाही." आजोबांनी तेवढंही विचारलं नाही, नुसता तिच्या पुढ्यात दुसरा पंप ठेवला. आजोबांनी मला आवडण्यासारखं जे थोडंफार केलं त्यात हे मी धरते.

ही पोलॅरिटी काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच झालं. आजच्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असते. त्या काळी तशी पद्धत होती. अशा गाडीला आमच्याकडे 'उलटी' म्हणतात, आणि आजच्यासारखी करून घेतली की 'सुलटी'. उलट्या गाडीला आजचा रेडिओ किंवा फोनचा चार्जर जोडला की तो गेलाच म्हणून समजायचं. म्हणून पुष्कळ मालक गाडी सुलटी करून घेतात. बॅटरी फिरवायची, कॉईलच्या तारांची अदलाबदल करायची, डायनामोला नवी दिशा शिकवायची, संपलं. काम सोपं आहे, पण वरून बघून काही म्हणता काही कळत नाही. त्यासाठी आजोबांच्या वेळेपासून एक रीत होती. सुलटी केलेल्या गाडीच्या बॅटरीला लाल पट्टी बांधायची. माझ्या शिलाईतून उरलेल्या लाल रेक्झिनच्या पट्ट्या कापून मी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवते. पट्टी नाही म्हणजे गाडी उलटी. कुणी कुणाला विचारायची गरज नाही.

दुसरी रीत आत्याची. पंपाचं काम झालेली गाडी तिनं ऐकल्याशिवाय दाराबाहेर जायची नाही. धडधडणारा हवेचा कॉम्प्रेसर बंद करायचा, दादांनी हातोडा खाली ठेवायचा, बाबांनी फोन खिशात टाकायचा. मालकानं सीटवर बसून चावी फिरवायची, पण इंजिन लावायचं नाही. आत्या डिकीत डोकं घालून कान पंपाशी नेणार. पंप गप्प झाला की तिचा उजवा हात वर जाणार. मग इंजिन. तोवर कुणी चकार शब्द काढायचा नाही. एका वकिलाला एकदा मध्येच शिंक आली, तर आत्यानं त्याला चावी बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. तो कोर्टात कुणाला घाबरत नसेल, इथे माफी मागून मोकळा झाला.

तो कॉम्प्रेसर. त्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. पूर्वी तो पुढच्या दाराशी होता. गिऱ्हाइकांशी बोलताना धडधड मध्ये येते म्हणून बाबांनी तो आत आणला आणि आत्याच्या टेबलाला खेटून बसवला. "ताईला कुठे कुणाशी बोलायचं असतं!" हे त्यांचं म्हणणं. आत्या सुरुवातीला भांडली. मग कानात कापसाचे बोळे घालायला लागली. मग बोळेही काढून टाकले, कारण बोळे घातले की पंप ऐकू येत नव्हते. नंतर नंतर ती फार चिडचिडी झाली. कुणी हळू बोललं की "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस," आणि कुणी जरा मोठ्यानं हाक मारली की "ओरडू नकोस, बहिरी नाही मी." आम्ही म्हणायचो, वय झालं, स्वभाव तिखट झाला. आत्याचा स्वभाव गोड कधी होता हेही कुणी आठवून बघितलं नाही.

त्यात बाबांनी इलेक्ट्रॉनिक पंप आणले, कपाट भरून. त्यांना पॉईंट नाहीत, झिजणं नाही, साफ करणं नाही. बिघडला की टाकायचा आणि दुसरा लावायचा. फक्त एक अडचण होती. बाबांनी आणलेले सगळे पंप सुलट्या गाड्यांचे होते, उलट्या गाडीला लावले की एका क्षणात मरणारे. म्हणून बाबा भेटेल त्या मालकाला गाडी सुलटी करून घ्यायचा आग्रह करायला लागले. आत्या म्हणाली, "गाडीला पंप बसवायचा सोडून हा बारक्या पंपाला गाड्या बसवत सुटलाय." बारक्या म्हणजे माझे बाबा. डोक्यावर केस उरले नाहीत तरी तिच्या लेखी ते बारक्याच. बाबा तिला गोड आवाजात सांगत, "ताई, सगळ्या गाड्यांना हे लागले की तुला आराम." आराम म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. तिचं टेबल उचलायचं आणि तिथे कपाट ठेवायचं. बहिणीला हाकलायचं आणि वर उपकारही करायचे, हे बाबांना झकास जमतं.

दातांच्या डॉक्टरांची हिरवी टू-सीटर आली ती या भानगडीच्या मधोमध. डॉक्टरांना दोन्ही हवं होतं. पंप जुना, टिकटिकणारा हवा, कारण त्याशिवाय गाडी गाडी वाटत नाही. आणि फोनचा चार्जरही हवा. बाबांनी चार्जरसाठी सुट्टीच्या दिवशी येऊन गाडी सुलटी केली. आणि लाल पट्टी बांधली नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, चहा आला, मग फोन आला, मग राहिलं. पट्ट्या त्यांच्या डोक्याशी खिळ्याला लटकत होत्या. हात वर करण्याचा अवकाश.

दुसऱ्या दिवशी आत्यानं त्या गाडीला स्वतः तयार केलेला पंप लावला. तिच्या पंपांत ठिणगीनं पॉईंट जळू नयेत म्हणून एक डायोड असतो. त्याला दिशा असते, वीज तो एकीकडूनच जाऊ देतो. उलट्या गाडीसाठी एका बाजूनं जोडायचा, सुलट्यासाठी दुसऱ्या. चुकला तर पंप टिकटिकतच नाही, सगळी वीज डायोडमधून धावत सुटते आणि तार तापते. आणि या गाड्यांत पंपाच्या तारेला फ्यूज नसतो. आत्यानं डायोड उलट्या गाडीचा जोडला, कारण गाडी वर्षानुवर्षं उलटी होती आणि बॅटरीला पट्टी नव्हती. मीटर लावून बघायला हवं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ समजून डब्यात हात घालणारं माणूस आधी चाखून बघतं का?

गाडी ऐकायची वेळ झाली तेव्हा मी सीटांच्या मागे उकिडवी बसून कार्पेट चिकटवत होते. माझ्या आणि पंपाच्या मध्ये नुसता एक पुठ्ठ्याचा पडदा. कॉम्प्रेसर बंद झाला. दादांनी हातोडा ठेवला. डॉक्टरांनी चावी फिरवली, समोरचा लाल दिवा लागला, आत्या डिकीत वाकली.

टिक झालं नाही. एकदासुद्धा नाही.

मला वाटलं, चावी नीट फिरली नसेल. पण दिवा तर लागलेला होता. मी पडद्याच्या फटीतून आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा नेहमीसारखा, डोळे मिटलेले, कपाळाला आठी, सगळा जीव कानात आणलेला. आणि मी काही बोलणार एवढ्यात तिचा हात वर गेला. नेहमी जातो तेवढ्याच वेळानं, नेहमीइतकाच ताठ.

वाट्या भरल्यावर पंप गप्प होतो ती शांतता वेगळी, आणि पंप बोललाच नाही ती शांतता वेगळी. जिला ऐकू येतं तिला हा फरक झोपेतही कळेल. आत्याला कळला नव्हता. तिच्यासाठी दोन्ही सारख्याच होत्या.

"झालं, लावा!" बाबा म्हणाले. वाट्यांत आधीचं पेट्रोल होतं, त्यावर इंजिन लागलंसुद्धा. डॉक्टर खूश. आणि मग रबर जळल्याचा वास आला. डिकीतून धूर निघाला, पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावरून. मी "डॉक्टर, चावी बंद!" असं किंचाळले आणि सीटांमागच्याच बॅटरीचा वीज तोडणारा हिरवा कट-ऑफ स्विच पिळला. तो स्विच आत्यानंच हट्टानं बसवून घेतला होता. दादांनी डॉक्टरांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. आग लागली नाही. लागली असती तर आधी कार्पेट पेटलं असतं, आणि कार्पेटवर मी होते.

मग जी जुंपली ती विचारू नका.

"डायोड उलटा टाकलास!" बाबा ओरडले.

"गाडी फिरवलीस आणि पट्टी बांधायला हात मोडले होते का?" आत्या ओरडली.

"बघून लावायचं ना!"

"सांगून फिरवायची ना!"

दोघांचं खरं होतं, म्हणून दोघंही मागे हटेनात. डॉक्टर मध्येच भीत भीत म्हणाले, "पण मॅडमनी हात वर केला होता ना?" भांडण पट्टी आणि डायोडवरच फिरत राहिलं. मी मात्र बघत होते. आत्या बाबांच्या डोळ्यांकडे बघून भांडत नव्हती. ती त्यांच्या ओठांकडे बघत होती.

संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेले. वर्कशॉपच्या वरच ती राहते, एक खोली, एक पलंग, कोपऱ्यात बेसिन. दार वाजवलं, उत्तर नाही. ढकललं तर उघडंच होतं. आत्या दाराकडे पाठ करून खिडकीशी बसली होती आणि तिच्या मागे बेसिनचा नळ धो धो वाहत होता. मी जाऊन नळ बंद केला, मग तिच्या समोर जाऊन उभी राहिले. ती दचकली.

"नळ चालू होता," मी म्हटलं.

"मीच ठेवलाय. बादली भरतेय."

"बादली पलंगाखाली उपडी आहे, आत्या."

तिनं पलंगाकडे बघितलं, मग बेसिनकडे, मग माझ्याकडे. तिला कळलं की मला कळलंय. मला वाटलं रडेल. छे, ती उसळली.

"हेरगिरी करायला आलीस? बापानं पाठवलं?"

"सकाळी पंप टिकटिकला नव्हता. एकदाही नाही. तू हात वर केलास."

"टिकटिकला होता."

"नव्हता, आत्या. मी तिथेच होते."

खाली कुणीतरी कॉम्प्रेसर लावला आणि खोलीची फरशी थरथरायला लागली. आत्यानं पाय उचलून पलंगावर घेतले. तेवढं मात्र तिला कळलं.

"जा, सांग त्याला," ती म्हणाली. "त्याला हेच हवंय. कपाटातली खोकी काढून बसलाच आहे तो."

"मी का सांगू? तूच सांग."

"मी नाही सांगणार." तिचा आवाज चढला. "काय आहे माझं इथे? पाटीवर नाव नाही. गिऱ्हाईक चेक देतं ते त्याच्या हातात देतं. पण मी हात वर केल्याशिवाय एक गाडी दाराबाहेर जात नाही. मोठमोठे लोक श्वास रोखून उभे राहतात. तेवढंच माझं आहे. कान गेले म्हटलं की तेही गेलं."

"आणि एखादी गाडी पेटली म्हणजे? आज मी आत होते!" मीही ओरडले. मला तिची दया येत होती आणि तिच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं, दोन्ही एकदमच. "हात लावून कळत नाही का तुला? पंप थरथरतो की."

"कळतं. हाताला कानापेक्षा जास्त कळतं."

"मग लावत का नाहीस?"

"कान लावायचा सोडून हात का लावला, असं दुसऱ्या दिवशी तुझा बाप विचारेल म्हणून."

मी तिला बजावलं. डॉक्टरांची गाडी पुन्हा ऐकायला येईल तेव्हा तिनं सगळ्यांसमोर सांगायचं. नाही सांगितलं तर चावी फिरायच्या आधी मी सांगणार. ती म्हणाली, "नीघ." मी निघाले. दार मी जोरात आपटलं, आणि जिना उतरताना लक्षात आलं की ते आपटणंही फुकट गेलं.

नव्या तारा, दुरुस्त पंप, सगळं पुढच्या आठवड्यात तयार झालं. या वेळी आत्यानं मीटर लावला, डायोड फिरवला आणि खिळ्यावरची लाल पट्टी स्वतः नेऊन बॅटरीला दोन गाठी मारून बांधली. डॉक्टर आले ते एक पाय दाराबाहेर ठेवूनच सीटवर बसले. बाबा हातात इलेक्ट्रॉनिक पंपाचं खोकं घेऊन उभे.

"डॉक्टर, हा घ्या," बाबा म्हणाले. "टिकटिक नाही, कटकट नाही."

कॉम्प्रेसर बंद झाला. दादांनी हातोडा ठेवला. मी आत्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघेना. ती डिकीकडे वळली. संपलं, हिला सांगायचं नाहीये, असं वाटून मी तोंड उघडलं. "बाबा..."

"तू गप," आत्या वळून म्हणाली. माझे ओठ तिला दिसले असणार. "माझं मी सांगते." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिनं सांगितलं, "मला ऐकू येत नाही. वर्षाच्या वर झालं. आधी डावा गेला, मग उजवा. त्या दिवशी पंप टिकटिकला नाही आणि मी हात वर केला. किती वेळानं करायचा हे मला पाठ आहे म्हणून केला."

बाबांच्या हातातलं खोकं खाली आलं. "ताई, अगं मग तू..."

"मध्ये बोलू नकोस. नाहीतरी मला ऐकू येणार नाही." ती त्यांच्याकडे दोन पावलं गेली. "माझे कान त्या धडधड्यानं खाल्ले. तो माझ्या डोक्याशी कुणी आणून बसवला ते सगळ्यांना माहीत आहे. ते जाऊ दे. पण तुमचे कान होते ना शाबूत? इतकी माणसं उभी होती. पंप टिकटिकला नाही हे एकालाही सांगता येऊ नये? सगळे आपले माझ्या हाताकडे बघत बसता. कामं थांबवून मी तुम्हाला उभं करते ते ऐकायला, माझा हात बघायला नाही!"

दादा आपल्या बुटांकडे बघत होते. तिची नजर माझ्यावरूनही फिरली आणि मी ती चुकवली नाही. मला तिचा राग आला होता, बाबांचा आला होता, आणि आता तिनं आम्हा सगळ्यांना एकाच काठीनं हाणलं त्याचाही आला. कारण ते खरं होतं.

"बरं, बरं," बाबा लालबुंद होऊन म्हणाले. "आता मीच ऐकतो, मग तर झालं?" ते डिकीत वाकले. आत्या दुसऱ्या बाजूनं वाकली आणि तिनं कान नेला नाही. सगळ्यांसमोर तिनं पंपावर तळहात ठेवला.

डॉक्टरांनी चावी फिरवली. टिक, टिक, टिक, टिक, भराभर. मग सावकाश. मग आणखी सावकाश. मग शांतता. बाबांनी झोकात हात वर केला. "झालं. लावा, डॉक्टर."

"हात खाली," आत्या म्हणाली.

"ताई, थांबलाय तो."

"खाली कर. थांबलेला नाही."

बाबांनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. डॉक्टरांचा हात स्टार्टरवर तसाच राहिला. आम्ही सगळे ऐकत होतो. त्या वर्कशॉपमध्ये खरोखरच सगळे ऐकत होते असं बहुधा पहिल्यांदाच झालं असेल. आणि बऱ्याच वेळानं आवाज आला: टिक. पुन्हा काही नाही. आणि पुन्हा, टिक.

"कुठेतरी पेट्रोल वाहतंय," आत्या म्हणाली. "वाटी भरूनही वाहतेय. तुझी आहे ती, माझी नाही."

बाबांनी जाऊन बॉनेट उघडलं. पुढच्या कार्ब्युरेटरच्या वाटीतून पेट्रोल थेंबथेंब गळत होतं, बरोबर खालच्या एक्झॉस्टच्या पाइपावर. पाइप गार होता. इंजिन लावलं असतं तर थोड्याच वेळात तो गार राहिला नसता. कार्ब्युरेटर बाबांनी स्वतः केले होते. त्यांनी झाकण उघडलं, पेट्रोल रोखणाऱ्या सुईखाली अडकलेला कचऱ्याचा कण काढला, फुंकर मारली, झाकण लावलं, फडक्यानं पाइप पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग दादांना म्हणाले, "तो कॉम्प्रेसर उद्या बाहेर काढू." उद्या! इतकी वर्षं गेली, दोन कान गेले, आणि यांचं उद्या. मी दादांकडे बघितलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याची वायर भिंतीतून उपटली.

पुन्हा चावी फिरली. टिकटिक झाली, मंदावली, थांबली. कुणाचाही हात वर गेला नाही. बाबा खोकं काखेत मारून नुसते उभे होते. आत्याचा तळहात पंपावर होता आणि ती तो उचलायला तयार नव्हती. बराच वेळ गेला. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"थांबला ना गं?" तिनं विचारलं. "हाताला थांबल्यासारखा वाटतोय. तू ऐकून सांग."

पंपाबद्दल तिनं आजवर कुणाला काही विचारलेलं मी बघितलं नव्हतं. मी डिकीत डोकं घातलं, पंपाला कान लावला. तिच्या बोटांना माझा गाल लागला. पेट्रोलचा आणि माझ्याच कार्पेटच्या गोंदाचा वास येत होता. मी मनात काही मोजलं नाही, नुसती ऐकत राहिले. आत काहीच हलत नव्हतं.

"थांबला!" मी तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडले, इतक्या जोरात की डॉक्टर सीटवर उडाले.

आत्यानं मान हलवली आणि मग हात वर केला. ओरडू नकोस, असं ती या वेळी म्हणाली नाही.